वीज कुठपर्यंत आली?

घरात कोणी आजारी पडले म्हणजे शेजारीपाजारी जमतात आणि ज्याचे त्याचे निदान तयार असते. एक म्हणतो थंडी बाधली, दुसरा म्हणतो पोट बिघडले, तिसऱ्याला नजर लागलेली दिसते. यंत्राचेही असेच आहे. यंत्र बंद पडले की ज्याने ते कधी उघडूनही पाहिले नाही तोही खात्रीने सांगतो, 'जळलं बघा!'

गेल्या वर्षी दिवाळी पंधरा दिवसांवर आली असताना कुरखेड्यात आमच्या शेजारच्या घरी असाच एक रोगी मी पाहिला. रोगी म्हणजे एक नवाकोरा संगणक. आदल्या रात्रीच त्याची जोडणी पुरी झालेली, आणि पहिल्याच दिवशी तो मुका!

या घरची मुलगी झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरे संगणकावर तयार करते. वडसा हे या नाटकांचे माहेरघर. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरू लागते, मंडईच्या रात्री नाटक होते, आणि हा हंगाम होळीपर्यंत चालतो. म्हणजे पोस्टरांचे काम यायचे ते दिवाळीच्या तोंडावरच. तयार संगणक महाग पडतो म्हणून तिने सुटे भाग मागवले आणि पुस्तिका वाचून स्वतःच्या हाताने ते जोडले. निम्मे पैसे तिच्या कामाचे, निम्मे वडिलांनी मागच्या हंगामाचे धान विकून दिलेले. भाग खराब निघाला तर सात दिवसांच्या आत कळवा, असे दुकानदाराने बजावलेले. त्यातले चार दिवस संपले होते.

मी एके काळी रेडिओ दुरुस्त करीत असे, तेव्हा बोलावणे मला आले. मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "काका, बटन दाबून राहिली मी, पण काहीच होऊन नाही राहिलं जी. सगळे म्हणतात मदरबोर्ड जळला. नागपूरले न्या म्हणतात."

नागपूर म्हणजे दीडशे किलोमीटरच्या वरची वाट. तो डबा बसमध्ये मांडीवर घेऊन जायचे, तिथे ठेवून यायचे, पुन्हा आणायला जायचे, आणि तोवर हंगाम सुरू! वडील दारात उभे होते. ते एवढेच म्हणाले, "जळला असंल त गेले पैसे."

मी म्हटले, "आधी जळला की नाही ते तर पाहू."

आता हे पाहायचे कसे? धानाच्या शेतीचे उदाहरण घेतले तर ही गोष्ट आपल्याकडच्या माणसाला लवकर समजेल. समजा, शेवटच्या बांधीत पाणी पोहोचत नाही. तेव्हा शहाणा शेतकरी शेवटच्या बांधीत उभा राहून धानाला दोष देत नाही. तो तलावाच्या पाळीवर जातो आणि तिथून पाटापाटाने चालत येतो. तलावात पाणी आहे का? आहे. पाटात उतरले का? उतरले. पहिल्या बांधीत आले का? आले. दुसऱ्या बांधीत? नाही! म्हणजे पहिली आणि दुसरी यांच्या मध्येच कुठे तरी माती ढासळली आहे. एवढे कळले की फावडे कुठे मारायचे ते ठरले. संगणकाच्या बाबतीतही प्रश्न एकच विचारायचा: वीज कुठपर्यंत आली?

संगणकात विजेची वाट अशी असते. भिंतीतल्या सॉकेटमधून वीज केबलने पेटीच्या मागे येते. तिथे एक पत्र्याचा डबा बसवलेला असतो, त्याला एसएमपीएस किंवा पॉवर सप्लाय म्हणतात. भिंतीतली २३० व्होल्टांची उलटसुलट वाहणारी वीज घेऊन तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टांची एकाच दिशेने वाहणारी वीज करतो. ही वीज जाड तारांच्या जुडग्यांनी मदरबोर्डाकडे जाते, आणि तिथून प्रोसेसर, स्मृतीच्या पट्ट्या म्हणजे रॅम, पंखे, अशी ती वाटली जाते.

यात एक गंमत आहे ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. घरातल्या दिव्याचे बटण वीज प्रत्यक्ष जोडते आणि तोडते. संगणकाच्या पुढचे बटण तसे नाही. ते दाराच्या घंटीसारखे आहे. ते दाबले की मदरबोर्डाला नुसती खूण मिळते. मग मदरबोर्ड एसएमपीएसला एका तारेवरून सांगतो, 'जागा हो.' एसएमपीएस जागा होतो, आपले व्होल्ट नीट आले की नाही ते स्वतः तपासतो, आणि सेकंदाच्या छोट्याशा भागात 'सर्व ठीक' असा उलट निरोप पाठवतो. तो निरोप मिळाल्यावरच प्रोसेसर कामाला लागतो. ही पद्धत १९९५ साली निघालेल्या एटीएक्स नावाच्या रचनेपासून रूढ झाली. म्हणजे 'बटण दाबले आणि काही झाले नाही' यामागे निदान चार जण असू शकतात: घंटी, घंटीची तार, निरोप घेणारा आणि झोपलेला. यांतला नेमका कोण चुकला हे न पाहता 'मदरबोर्ड जळला' म्हणणे म्हणजे दार उघडले नाही म्हणून घरमालक वारला असे म्हणण्यासारखे आहे.

पहिला मुक्काम भिंतीचा. मी खिशातला टेस्टर काढणार इतक्यात मुलगी म्हणाली, "काका, टेस्टर लावून पाहिला, पेटते." पण टेस्टर पेटला म्हणजे वीज आली, असे समजू नका. न्यूट्रलची तार तुटलेली असली तरी फेजच्या भोकात टेस्टर पेटतोच. त्यापेक्षा त्याच सॉकेटवर टेबललॅम्प लावून पाहावा. दिवा लागला तर दोन्ही तारा शाबूत आहेत. आम्ही दिवा लावला, तो लागला. एक्स्टेन्शन बोर्ड मधून काढून टाकला आणि केबल थेट भिंतीत लावली. केबलचे दुसरे टोक एसएमपीएसमध्ये दाबून बसवले. पुष्कळदा ते अर्धवटच बसलेले असते. एसएमपीएसच्या पाठीवर एक छोटा खटका असतो. त्यावर एका बाजूला उभी रेघ आणि दुसऱ्या बाजूला गोल असतो. रेघेची बाजू दाबलेली असली म्हणजे चालू, गोलाची बाजू दाबलेली असली म्हणजे बंद. हा खटका बंद राहिल्यामुळे किती जणांनी नवा संगणक पुन्हा खोक्यात भरून दुकानात नेला असेल, कोण जाणे! जुन्या काही एसएमपीएसवर ११५ आणि २३० असे लिहिलेला आणखी एक सरकता खटका असतो. तो आपल्याकडे २३० वरच हवा. ११५ वर ठेवून वीज दिली तर मोठा आवाज होऊन तो एसएमपीएस कायमचा निकामी होतो.

संध्याकाळी व्होल्टेज उतरते म्हणून संगणक चालू होत नसेल, असे वडिलांचे म्हणणे पडले. शंका रास्त होती. पण अलीकडचे बहुतेक चांगले एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टांपर्यंत काम करतात, त्यामुळे व्होल्टेज थोडे उतरले म्हणून ते मुके होत नाहीत. कमी ताकदीचा यूपीएस किंवा इन्व्हर्टर मात्र चालू होताना लागणारा एकदम ओढा न सोसून बंद पडू शकतो. म्हणून पहिली परीक्षा थेट भिंतीतल्या विजेवर करावी. यूपीएस मागाहून जोडावा.

इथेच एक गोष्ट सांगून टाकतो. ती या बिघाडाची नाही, जिवाची आहे. तीन पिनांचा प्लग दोन भोकांत बसवण्यासाठी जो अ‍ॅडॉप्टर बाजारात मिळतो तो संगणकाला कधीही लावू नये. प्लगची वरची जाड आणि लांब पिन अर्थिंगची असते. अर्थिंग नसले तर संगणकाच्या पत्र्याला हात लावताच मुंग्या आल्यासारखे होते. एसएमपीएसच्या तोंडाशी बारीक कंडेन्सर असतात. ते विजेतला खरखरीचा भाग पत्र्यामार्फत जमिनीत सोडून देतात. जमिनीची वाट नसली की तोच किंचितसा प्रवाह तुमच्या हातातून जातो. नुसत्या मुंग्यांनी सहसा इजा होत नाही. पण मुंग्या येतात याचा अर्थ असा की, उद्या फेजची तार चुकून पत्र्याला लागली तर फ्यूज उडवायला जमिनीची वाटच नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि घरातले अर्थिंग नावापुरते उरते. मुंग्या आल्या की संगणक बाजूला ठेवा आणि आधी वायरमनला बोलवा.

असो. भिंत झाली, आता दुसरा मुक्काम. पेटीची बाजूची फळी काढून मी मुलीला म्हटले, "खोलीतला दिवा बंद कर आणि बोर्डाकडे पाहा." बोर्डाच्या कोपऱ्यात एक इवलासा दिवा जळत होता.

हा दिवा मोठा कामाचा साक्षीदार आहे. संगणक बंद असतानाही, मागचा खटका चालू असेल तर, एसएमपीएस ५ व्होल्टांची एक छोटी धार सतत देत असतो. घंटी ऐकायला कोणी तरी जागे लागते ना! पुष्कळ मदरबोर्डांवर या धारेचा दिवा असतो. सर्वच बोर्डांवर नसतो, तेव्हा पुस्तिका पाहावी. पण दिवा जळत असला तर भिंत, केबल, मागचा खटका, एसएमपीएसचा जागता भाग आणि चोवीस तारांची मोठी जोडणी, एवढी वाट एका नजरेत तपासून होते. दिवा असूनही लागलेला नसेल, तर दोष या वाटेवरच आहे: चोवीस तारांचा जोड अर्धवट बसला असेल, किंवा एसएमपीएस गेला असेल. अशा वेळी ओळखीच्या कोणाचा चालू एसएमपीएस घटकाभर मागून आणावा आणि लावून पाहावा.

मात्र एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नये, हे मी हात जोडून सांगतो. त्यात एक मोठा कंडेन्सर असतो. त्यावर तीनशे व्होल्टांहून अधिक दाब साठलेला असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ तसाच राहतो. 'वीज तर काढली होती' असे म्हणणाऱ्यालाही धक्का बसू शकतो आणि तो प्राणघातक ठरू शकतो. डबा बिघडला तर बदलावा.

आमचा दिवा जळत होता. म्हणजे पाणी दुसऱ्या बांधीपर्यंत आले होते. मी वडिलांना म्हटले, "भाऊ, बोर्ड अगदीच मेलेला दिसत नाही." त्यांचा चेहरा थोडा उजळला.

आता तिसरा मुक्काम, घंटीची तार. पेटीच्या पुढच्या बाजूकडून बारीक तारांच्या चिमुकल्या टोप्या येतात आणि बोर्डाच्या खालच्या कडेला नऊ सुयांच्या जुडग्यावर बसतात. एक टोपी मुख्य बटणाची, एक रीसेटची, बाकीच्या दिव्यांच्या. अक्षरे मुंगीएवढी, जागा अडचणीची. चूक होते ती इथेच. बटणाच्या टोपीला उलटसुलट नसते, ती कशीही बसली तरी चालते. दिव्याच्या टोपीला मात्र अधिक-उणे असते. पण टोपी कुठल्या दोन सुयांवर बसली आहे, हे बरोबरच असावे लागते.

मुलीने पुस्तिका उघडली, मोबाइलचा दिवा धरला आणि सुया मोजल्या. मग जीभ चावून म्हणाली, "काका, बटनाची टोपी रीसेटवर बसली जी माझ्याकडून!" तसेच झाले होते. मुख्य बटणाची टोपी रीसेटच्या जागी आणि रीसेटची टोपी मुख्य बटणाच्या जागी. त्या पेटीला रीसेटचे बटण होते. ते कोणी चुकून जरी दाबले असते तरी संगणकाने हालचाल केली असती.

टोपी बरोबर बसली आहे आणि तरी काही होत नाही, असे झाले तर बटणच खराब आहे काय, ते पाहता येते. टोपी काढून, त्या दोन सुयांना स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकदम स्पर्श करावा. बटण याहून वेगळे काही करीत नाही. मात्र सुया पुस्तिकेत दोनदा वाचून मगच हात घालावा, आणि टोक शेजारच्या सुयांवर घसरू देऊ नये.

टोप्या बदलल्या. मुलीने बटण दाबले. पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबले, तर तेवढेही नाही.

"गेला!" वडील म्हणाले.

मला मात्र बरे वाटले. कारण रोग्याने डोळे उघडून मिटले होते. पंखा किंचित फिरून थांबणे याला अर्थ आहे. एसएमपीएस जागा झाला, त्याने वीज सोडली, आणि कुठे तरी ती नको त्या वाटेने जाते आहे हे पाहून त्याने स्वतःच हात आखडता घेतला. याला आपण शॉर्ट म्हणतो. असे रक्षण झाल्यावर पुष्कळ एसएमपीएस रुसून बसतात. प्लग काढून थोडा वेळ तसेच ठेवल्याशिवाय पुन्हा जागे होत नाहीत. दुसऱ्यांदा बटण दाबल्यावर तेवढेही झाले नाही, ते यामुळे.

नव्या जोडणीत शॉर्ट कुठे शोधायचा? निसटलेला एखादा स्क्रू बोर्डाखाली जाऊन बसतो. पाठीमागच्या पत्र्याच्या पट्टीची एखादी जीभ जोडणीच्या भोकात घुसते. आणि पेटीच्या तळाला ज्या पितळी खुंट्या असतात, त्यांचाही दोष असू शकतो. बोर्ड थेट पत्र्यावर टेकू नये म्हणून तो या खुंट्यांवर बसवतात. बोर्ड लहानमोठे असतात आणि प्रत्येकाची भोके वेगळ्या जागी. जिथे बोर्डाला भोक आहे तिथेच खुंटी पाहिजे. भोक नाही तिथे खुंटी राहिली तर ती बोर्डाच्या पाठीवरच्या उघड्या जोडांना टेकते आणि वीज थेट पत्र्यात उतरते.

मी मुलीला विचारले, "खुंट्या तू बसवल्या का?"

"नाही जी, पेटीत आधीच बसून होत्या."

पेटी मोठ्या बोर्डासाठी होती; बोर्ड लहान आकाराचा. प्लग काढला, तारा सोडवल्या, बोर्ड बाहेर घेतला. पाहतो तो काय, मधली एक खुंटी बिनकामाची उभी! तिने ती पकडीने काढली आणि हातात घेऊन न्याहाळत बसली. एवढ्याशा पितळेने दोन दिवस घराची झोप उडवली होती.

पण बोर्ड लगेच पेटीत घालायचा नाही. एवीतेवी तो बाहेर आलाच आहे, तर बाहेरच परीक्षा करावी. बोर्ड ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला त्याच खोक्यावर ठेवावा. पुठ्ठ्यातून वीज वाहत नाही. आणि जोडावे ते अगदी गरजेपुरते: प्रोसेसर व त्यावरचा पंखा, रॅमची एकच पट्टी, एसएमपीएसच्या दोन जोडण्या आणि पडदा. बाकी सर्व, म्हणजे डिस्क, जादा पंखे, रंगीत दिवे, दूर ठेवावे. एवढ्यावर चालला तर एकेक वस्तू वाढवत जावे, दर वेळी प्लग काढून. ज्या वस्तूने बंद पडेल तीच चोर. एकदम दोन गोष्टी बदलू नयेत. दोन बदलल्या आणि यंत्र चालले तर कशामुळे चालले ते कळत नाही, आणि नाही चालले तर गोंधळ दुप्पट होतो.

एसएमपीएसच्या दोन जोडण्या म्हणालो, त्या विसरू नका. एक चोवीस तारांची मोठी आणि दुसरी प्रोसेसरच्या जवळ, बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात, चार किंवा आठ तारांची. ही दुसरी पुष्कळदा राहून जाते. ती राहिली तर पंखे फिरतात, दिवे लागतात, पण प्रोसेसर उपाशी असल्याने पडदा काळाच राहतो. ग्राफिक्स कार्डासाठीची आठ तारांची जोडणी दिसायला तशीच असते, पण तिची घडण वेगळी. ती इथे जोराने घुसवू नये. तसेच ज्या एसएमपीएसच्या तारा सुट्या होतात, त्याला त्याच्याच तारा लावाव्या. दुसऱ्या डब्याच्या तारा भोकात बसल्या तरी आतली वाटणी निराळी असू शकते, आणि डिस्क किंवा बोर्ड क्षणात खराब होऊ शकतो.

मुलीने या साऱ्या जोडण्या पुन्हा तपासल्या आणि रॅमची पट्टी काढून परत बसवली. ही पट्टी 'टक्' आवाज येईपर्यंत दाबावी लागते. नवखा माणूस मोडेल या भीतीने हलका दाब देतो आणि ती अर्धी वर राहते. एकच पट्टी असेल तर ती कुठल्या खाचेत घालायची हेही पुस्तिकेत असते. चार खाचा असल्या तर बहुधा प्रोसेसरपासून दुसरी. वाचून करावे, अंदाजाने करू नये.

हे चालले असताना मी तिला एक जुनी हकिकत सांगितली. आपल्या देशात पहिला मोठा स्वदेशी संगणक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधला गेला. १९५६ साली त्याचा छोटा नमुना चालू झाला आणि १९६० साली पूर्ण यंत्र उभे राहिले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक असे नाव दिले. रंगस्वामी नरसिंहन हे त्या कामाचे धुरीण होते. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते, म्हणजे जुन्या रेडिओत असत तसे काचेचे नळकांडे. तयार नमुना विकत घेऊन नव्हे, तर पुस्तके आणि निबंध वाचून, हाताने जोडून त्या तरुण मंडळींनी ते यंत्र उभे केले. मी म्हटले, "तुझ्या बोर्डावर नऊ सुया आहेत. त्यांच्यापुढे किती हजार जोड होते, विचार कर." ती हसली. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

बटणाची टोपी आता हाताशी नव्हती, म्हणून तिनेच स्क्रू-ड्रायव्हरने दोन सुयांना स्पर्श केला. पंखा फिरला, आणि फिरतच राहिला. पण पडदा काळाच!

तिचा हात लगेच प्लगकडे गेला. मी तो धरला. "थांब. घड्याळ लाव."

याचे कारण सांगितले पाहिजे. अलीकडच्या रॅमचा वेग फार मोठा आहे. डीडीआर-५ जातीची पट्टी नव्या बोर्डात पहिल्यांदा बसवली की बोर्ड आधी त्या पट्टीशी आपला ताल जुळवून घेतो. तंबोरा लावल्याशिवाय गवई गायला बसत नाही, तसेच हे. या वेळात पडदा काळा असतो, आणि कधी कधी हा वेळ काही मिनिटांचा असतो. अधीर माणूस इतक्यात वीज काढतो, पुन्हा देतो, म्हणजे ताल पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा पंखा सरळ फिरत असेल, जळका वास किंवा धूर नसेल, तर पहिल्या वेळी पाच-दहा मिनिटे हात बांधून बसावे.

दहा मिनिटे झाली आणि चित्र नाही, तर मग पुढचे पाहावे. पडद्याची केबल कुठे लावली आहे? ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्यातच हवी. काही प्रोसेसरांत चित्र काढणारा भागच नसतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ हे अक्षर असते ते या जातीचे. त्यांना कार्डावाचून चित्र दिसायचेच नाही. अनेक बोर्डांवर चार छोटे दिवे असतात: प्रोसेसर, रॅम, चित्र आणि डिस्क यांचे. जो दिवा अडून राहतो, त्याच्याकडे बोट असते. प्रोसेसर बोर्डाहून नवा असेल, तर बोर्डातली मूळ आज्ञावली त्याला ओळखत नाही, असेही होते. तेव्हा ती नवी करून घ्यावी लागते. आणि इतके सर्व करूनही, उघड्या बोर्डावर, दुसऱ्याच्या चालू एसएमपीएसवर, एका पट्टीवर जर तो मुकाच राहिला, तर मात्र बोर्ड किंवा प्रोसेसर दुकानदाराकडे पाठवावा. तो आता अंदाज नव्हे, निष्कर्ष ठरतो.

म्हणूनच एक कागद जवळ ठेवायला मी तिला सांगितले होते. कोणत्या वेळी काय केले, काय दिसले, एका ओळीत एक गोष्ट. 'दिवा जळतो. टोपी बदलली. पंखा अर्धा फिरला. खुंटी काढली.' भाग परत पाठवण्याची वेळ आली असती तर हा कागद दुकानदारापुढे ठेवता आला असता. 'चालू होत नाही' एवढेच म्हणणाऱ्याला तो परत पाठवतो. काय काय पाहिले हे सांगणाऱ्याचे म्हणणे ऐकून घेतो.

आम्ही घड्याळाकडे पाहत बसलो. एक मिनिट गेले, दोन गेले. आईने चहा आणून ठेवला, कोणी उचलला नाही. तिसरे मिनिट संपता संपता पडदा उजळला आणि त्यावर अक्षरे आली. वडील दारातून आत आले, वाकून पाहिले आणि म्हणाले, "मंग जळला नव्हता त!"

जळला नव्हताच. एक टोपी चुकली होती, एक खुंटी जास्त होती आणि थोडा धीर कमी पडला होता. तीन वेगवेगळ्या गोष्टी, पण बाहेरून तिन्हींचे नाव एकच: 'चालू होत नाही.' माझ्या अनुभवात नव्या जोडणीत असेच अधिक वेळा घडते. भाग मुळात वाईट निघतात, नाही असे नाही. पण त्याआधी वाट तपासावी. भिंतीपासून निघावे, एकेक मुक्काम पाहावा, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, लिहून ठेवावी. एसएमपीएसचा डबा उघडू नये आणि अर्थिंगशी तडजोड करू नये.

दुसऱ्या दिवशी तिने बोर्ड पेटीत बसवला, या वेळी खुंट्या मोजून. काढलेली ती पितळी खुंटी तिने टाकून दिली नाही. संगणकाच्या वरच्या कडेवर ठेवली आहे. कोणी नवा संगणक जोडायला निघाला आणि विचारायला आला, की ती आधी खुंटी दाखवते आणि मग विचारते, "वीज कुठपर्यंत आली?"